छोट्या कॅबिनेटचा एसएमपीएस: वॉट नंतर बघू, आधी केबल मोजा

माझा पहिला छोटा पीसी संध्याकाळी सातला जोडून झाला आणि त्याचं साइड पॅनल रात्री साडेअकराला बसलं. मधले साडेचार तास मी केबलशी भांडत होतो. एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला चालेल अशी करून देणारा डबा, स्वतः अगदी मापात बसला होता, चारी स्क्रू लागले, ग्राफिक कार्ड आणि तो यांच्यात बोटभर जागापण उरली, म्हटलं झालं काम. पण त्याच बोटभर जागेतून २४ पिनची केबल, प्रोसेसरची ८ पिनची केबल आणि ग्राफिक कार्डच्या दोन अशा चार जाडजूड केबल वळवून न्यायच्या होत्या आणि त्या काही केल्या वळेनात, एकीकडे दाबलं की दुसरीकडे वर यायच्या, पॅनल लावलं की मधोमध फुगवटा, अंगठ्याने दाबलं की आतून काहीतरी कट्ट वाजायचं आणि पोटात गोळा.

तेव्हापासून कोणी विचारलं की छोट्या कॅबिनेटला किती वॉटचा घेऊ, तर मी आधी उलटा प्रश्न टाकतो की कॅबिनेट कुठलं आणि केबल कुठून जाणार. वॉटचा हिशोब सोपा असतो, पाच मिनिटांत होतो, पुढे करून दाखवतो. छोट्या पीसीत माणूस फसतो तो केबलीत आणि हवेत.

आधी हा डबा आत करतो काय ते पटकन बघू, कारण तो छोटा का होऊ शकतो आणि किती छोटा होऊ शकतो हे त्यावरूनच कळतं. भिंतीतून येते एसी वीज, ११५ किंवा २३० व्होल्टच्या आसपास. कॉम्प्युटरला हवी डीसी, मुख्य म्हणजे १२ व्होल्ट आणि थोडीफार ५ आणि ३.३. जुन्या पद्धतीचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर हे काम ५०-६० हर्ट्झवर करतो म्हणून तो विटेएवढा आणि विटेसारखाच जड. एसएमपीएस वेगळी युक्ती करतो, आलेल्या एसीची डीसी करून ती साधारण ४०० व्होल्टपर्यंत चढवतो, एका गलेलठ्ठ कपॅसिटरमध्ये भरून ठेवतो आणि मग तीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत एका चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे ढकलतो. पिंप रिकामं करायचं तर बादलीने करा नाहीतर वाटीने, वाटी छोटी चालेल पण हात भराभर चालला पाहिजे, तसंच हे. आता जे गॅन म्हणजे गॅलियम नायट्राइडवाले एसएमपीएस आलेत त्यांचं कौतुक एवढ्याचसाठी की त्यांचे ट्रान्झिस्टर हा हात अजून भराभर चालवू शकतात आणि त्यात वाया कमी घालवतात, म्हणून वाटी अजून छोटी चालते.

पण काहीतरी वाया जातंच आणि जे वाया जातं त्याची उष्णता होते. समजा आतले पार्ट मिळून ४०० वॉट ओढतायत. एसएमपीएसची एफिशियन्सी ९० टक्के असेल तर भिंतीतून ४४४ वॉट ओढले जातात, म्हणजे ४४ वॉट त्या डब्यातच तापतात. ८५ टक्केवाला असेल तर भिंतीतून ४७० आणि डब्यात ७० वॉट. मोठ्या कॅबिनेटमध्ये या २६ वॉटच्या फरकाकडे कोणी ढुंकून बघणार नाही, पण इथे तो डबा ग्राफिक कार्डाच्या पाठीला पाठ लावून बसलाय आणि दोघं एकमेकांची गरम हवा खातायत.

आता मापं. एसएमपीएसचे आकार ठराविक असतात आणि प्रत्येकाला नाव असतं. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि १४० मिमीपासून पुढे कितीही लांब. एसएफएक्स १२५ बाय ६३.५ बाय १००. एसएफएक्स-एल हे त्याचंच लांबुडकं भावंड, बाकी सगळं तेच फक्त लांबी १३०. फ्लेक्स एटीएक्स हा बारीक, ८१.५ बाय ४०.५ बाय १५०, मोठ्या डस्टरसारखा दिसतो. गुणाकार केला तर एटीएक्स जवळपास १.८ लिटर, एसएफएक्स ०.८ लिटर आणि फ्लेक्स अर्धा लिटर. कॅबिनेटच जेव्हा ७ किंवा १० लिटरचं असतं तेव्हा यातला एक लिटर वाचणं म्हणजे काय ते कळतं. डॅन ए४-एसएफएक्स साधारण ७ लिटरचं, फॉर्मडी टी१ साधारण १० लिटरचं, कूलर मास्टरचं एनआर२०० साधारण १८ लिटरचं, ही तिन्ही एसएफएक्सवाली, आणि वेल्का ३ सारखं जेमतेम ४ लिटरचं कॅबिनेट असेल तर तिथे फ्लेक्सशिवाय काही शिरतच नाही. टीएफएक्स म्हणूनही एक लांबट प्रकार असतो, तो बहुतेक ब्रँडेड ऑफिस कॉम्प्युटरमध्ये असतो, नवीन जोडणाऱ्याने त्याच्या वाटेला जायचं फारसं कारण नाही.

आता इथे एक गोष्ट कोणी ठळकपणे सांगत नाही. एसएफएक्सची लांबी १०० मिमी हे माप नुसत्या पत्र्याच्या डब्याचं. त्यात मॉड्युलर म्हणजे सुट्या केबलचा प्लग खुपसला की प्लगचा मागचा भाग आणि वायरी वळायला लागणारी जागा धरून अजून २५-३० मिमी पुढे जातात. म्हणजे खरा एसएमपीएस १३० मिमीचा झाला. एसएफएक्स-एल घेतलात तर तो १६० चा झाला. कॅबिनेटवाल्याने लिहिलेलं असतं की एसएफएक्स-एलपण बसतो, ते खोटं नसतं, तो बसतो, फक्त मग केबलला जागा उरत नाही किंवा ग्राफिक कार्डाची लांबी कमी धरावी लागते आणि ते बारीक अक्षरात खाली कुठेतरी असतं. माझं मत विचाराल तर १५ लिटरच्या आतल्या कॅबिनेटला सरळ १०० मिमीचा एसएफएक्स घ्या, एलच्या नादाला लागू नका.

एलच्या बाजूने बोलायचं तर त्याचा पंखा. एसएफएक्समध्ये साधारण ९२ मिमीचा पंखा मावतो, एलमध्ये १२० चा. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो म्हणून आवाज कमी. एकेकाळी हे कारण पुरेसं होतं कारण एसएफएक्सचे पंखे खरंच किरकिरे असायचे. आता चांगले एसएफएक्स शांत झालेत, हलक्या लोडवर तर कित्येकांचा पंखा फिरतसुद्धा नाही, त्यामुळे ३० मिमी जागा देऊन मिळवायचं ते काय हा प्रश्न उरतोच.

फ्लेक्सची गोष्ट मात्र वेगळी, त्यात पंखा ४० मिमीचा. १२० मिमीच्या पंख्याच्या तुलनेत क्षेत्रफळ नववा हिस्सा. तेवढीच उष्णता बाहेर काढायची तर तो बिचारा जीव तोडून फिरणार आणि त्याचा आवाज घरघर नसतो, बारीक शिट्टीसारखा असतो, कानात घुसतो. हे मुळात सर्व्हर आणि इंडस्ट्रियल मशीनसाठी बनलेले डबे, तिथे आवाजाचं कोणाला काही पडलेलं नसतं. लोक आतला पंखा काढून नॉक्टुआ कंपनीचा ४० मिमीचा शांत पंखा बसवतात, पुष्कळ जण करतात, पण दोन गोष्टी. एक, शांत पंखा शांत असतो कारण तो सहसा कमी हवा फेकतो, म्हणजे छापील ५०० वॉट आता ५०० राहिले नाहीत. दुसरी, ते उघडायचं म्हणजे त्या ४०० व्होल्टच्या कपॅसिटरशेजारी बोटं घालायची, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो आणि तो झटका जीवघेणा असतो. इलेक्ट्रॉनिक्सचं काम हाताखालून गेलेलं नसेल तर हा उद्योग करू नका, आवाज सहन करा किंवा कॅबिनेट बदला.

वॉटचा हिशोब. उदाहरण म्हणून रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०७० ग्राफिक कार्ड घेऊ. प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलंय पण तो सॉकेटमधून ८८ वॉटपर्यंत ओढू शकतो, कार्ड २०० वॉट, बाकी मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. झाले ३३८. एवढ्यासाठी ५५० किंवा ६५० वॉटचा चांगला एसएफएक्स घेतला की विषय संपला. प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडा मात्र कधीच जसाच्या तसा घेऊ नका, इंटेलच्या आय७-१३७००के वर १२५ वॉट दिसतं आणि टर्बोत, म्हणजे पूर्ण जोर लावताना, तो २५३ पर्यंत जायची त्याला अधिकृत मुभा आहे, म्हणजे दुप्पट.

मग ३३८ साठी ५५० कशाला, ४०० चा का नको? कारण ग्राफिक कार्ड एकसारखी वीज ओढत नाही. सरासरी २०० असली तरी मिलिसेकंदाच्याही छोट्या भागासाठी ते एकदम कितीतरी वर उसळतं, पुन्हा खाली येतं. भिंतीला लावायच्या वॉटमीटरवर हे दिसतही नाही, पण एसएमपीएसमधलं संरक्षण ते बघतं आणि कधीकधी घाबरून सगळं बंद करतं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ही कार्डं आली तेव्हा खेळता खेळता पीसी फटकन बंद पडायचा आणि लोक रॅम बदलत बसायचे ते यामुळेच. २०२२ मध्ये एटीएक्स ३.० आलं (हे आकाराचं नाही, एसएमपीएसच्या नियमांचं नाव), त्यात या उसळ्यांचा विचार झालाय, ४५० वॉटच्या वरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांसाठी छापील वॉटच्या दुप्पट भार झेलला पाहिजे अशी त्यात अट आहे. म्हणून नवीन घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला घ्या, जुना चांगला एसएमपीएस पडलेला असेल आणि कार्ड मध्यम असेल तर तो फेकायचीही गरज नाही.

उलट्या टोकालाही जाऊ नका. आता १००० वॉटचेसुद्धा एसएफएक्स मिळतात आणि लोक असू दे म्हणून घेतात. ३३८ वॉटच्या पीसीला १००० वॉटचा एसएमपीएस म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नातलं पातेलं. त्याच्यासोबत केबलही जास्त आणि जाड येतात, ज्या मुळात ठेवायला जागा नाही. थोडं वर घेण्याचा एक फायदा मात्र खरा आहे, निम्म्या लोडवर चालणारा एसएमपीएस कमी तापतो आणि त्याचा पंखा बराच वेळ झोपलेला राहतो. म्हणून मी हिशोबाच्या दीडपट ते दुप्पट धरतो, त्याच्या वर मन जात नाही.

८० प्लस म्हणजे एसएमपीएसवर छापलेले एफिशियन्सीचे बिल्ले, त्यांच्याबद्दल दोन शब्द. ११५ व्होल्टच्या टेस्टला गोल्ड म्हणजे अर्ध्या लोडवर ९० टक्के एफिशियन्सी, प्लॅटिनम म्हणजे ९२. बस्, एवढंच. आवाज किती, आतले पार्ट कसे, वीज किती स्वच्छ, यातलं तो बिल्ला काहीच सांगत नाही. आणि ती टेस्ट होते साधारण २३ डिग्रीच्या गारेगार हवेत. तुमच्या ८ लिटरच्या डब्यात ग्राफिक कार्ड तापलं की एसएमपीएस जी हवा ओढतो ती ४०-४५ डिग्रीची असू शकते. त्यामुळे बिल्ल्यापेक्षा मी डेटाशीटमधली एक ओळ शोधतो, पूर्ण वॉट किती तापमानाला दिलेत. ५० डिग्री लिहिलं असेल तर निश्चिंत, ४० असेल तर वॉट थोडे कमी धरायचे आणि काहीच लिहिलं नसेल तर पुढचा डबा बघायचा.

हवा. एसएमपीएसचा पंखा हवा आत ओढतो आणि मागच्या जाळीतून बाहेर फेकतो, म्हणजे पंख्याचं तोंड जिथे असेल तिथे उघडी जाळी पाहिजे. ऐकायला इतकं साधं आहे, पण छोट्या कॅबिनेटमध्ये डबा दोन्ही बाजूंनी बसवता येतो आणि घाईघाईत स्टिकर सरळ दिसेल असा बसवला जातो. पंखा बाहेरच्या जाळीकडे असेल तर तो खोलीतली थंड हवा पितो, हेच उत्तम. आत तोंड केलं तर तो ग्राफिक कार्डाने ओकलेली गरम हवा पितो, कार्डाला तेवढीच मदत होते हे खरं पण एसएमपीएस लवकर म्हातारा होतो आणि त्याचा पंखा सारखा जागा होतो. आणि बंद पत्र्याकडे किंवा काचेच्या पॅनलकडे तोंड केलं असेल तर ते गळा दाबल्यासारखंच आहे. काचेचं पॅनल घ्यायचा मोह होतो, मलाही झाला, पण एसएमपीएसच्या बाजूला काच नको म्हणजे नको.

आता केबल, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. छोट्या पीसीला पूर्ण मॉड्युलर एसएमपीएसच घ्यायचा, म्हणजे सगळ्या केबल सुट्या आणि लागतात तेवढ्याच लावायच्या. बहुतेकांना लागतात तीन-चार, २४ पिन, प्रोसेसरची ८ पिन, कार्डाच्या एक किंवा दोन. एसएसडी हल्ली मदरबोर्डवरच चिकटते त्यामुळे साटाची (हार्डडिस्कला वीज देणारी) केबल लागतच नाही. बाकीच्या पिशवीत घाला आणि पिशवीवर एसएमपीएसचं नाव लिहा. हे नाव लिहिणं म्हणजे माझी शिस्त वगैरे नाही हं. मदरबोर्डकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या भोकात किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळं, आणि घोळ असा की प्लग मात्र बिनदिक्कत आत जातो. माझ्या एका मित्राने जुन्या एसएमपीएसची साटा केबल नव्याला लावली, ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले, बटण दाबल्यावर एक बारीक वास आला आणि दोन हार्डडिस्क गेल्या. त्यात फोटो होते, बॅकअप नव्हता.

एसएफएक्ससोबतच्या केबल एटीएक्सच्या निम्म्या लांबीच्या असतात, २४ पिनची साधारण ३०० मिमी. तरीसुद्धा ७-१० लिटरच्या कॅबिनेटमध्ये ३०० मिमी म्हणजे फार, कारण सॉकेट ते सॉकेट अंतर कधीकधी १५० मिमीसुद्धा नसतं. उरलेली १५० मिमी जाड केबल कुठेतरी घडी करून कोंबावी लागते आणि तोच तो फुगवटा. यावर उपाय म्हणजे मापाच्या केबल बनवून घेणं. माप घ्यायची पद्धत अगदी घरगुती आहे. सगळे पार्ट जागेवर बसवा, कूलरसकट आणि कार्डासकट. मग साधी सुतळी घ्या, एक टोक एसएमपीएसच्या सॉकेटवर धरा आणि केबल ज्या वाटेने जाईल असं वाटतं त्याच वाटेने, कोपऱ्यांना वळवत, कूलरच्या बाजूने, मदरबोर्डच्या सॉकेटपर्यंत न्या. तिथे पेनने खूण करा, सुतळी सरळ करून पट्टीवर मोजा आणि त्यात २० मिमी मिळवा. सरळ रेषेत पट्टी धरून मोजलेलं माप हमखास कमी पडतं कारण केबल कोपऱ्यात गोल वळते, काटकोनात नाही. आणि ऑर्डर देताना एसएमपीएसचं मॉडेल पूर्ण सांगा, नुसती कंपनी सांगून भागत नाही, कारण आत्ताच वर सांगितलं ते.

मापाच्या केबल नको असतील तरी निदान मऊ बघा. एकच जाळीदार नळी घातलेली २४ पिनची केबल म्हणजे बागेतला पाइप, ती फक्त गोल वळते. सुट्या सुट्या वायरींची किंवा चपटी पट्टीसारखी केबल असेल तर ती पसरवून मदरबोर्डच्या कडेने लोळवता येते. गोल केबलवरची नळी काढून वायरी मोकळ्या केल्या तरी खूप फरक पडतो, मी त्या रात्री शेवटी तेच केलं, नखांनी आणि छोट्या कात्रीने नळी उकलत बसलो, वायरीला कात्री लागू न देता, आणि त्या २४ वायरी तीन थरांत पसरवल्यावर जो फुगवटा अंगठ्याएवढा होता तो पेन्सिलीएवढा झाला.

नवीन ग्राफिक कार्डांचा १६ पिनचा कनेक्टर हा तर स्वतंत्र डोकेदुखीचा विषय. जुना ८ पिनचा कनेक्टर १५० वॉटचा, हा एकटा ६०० वॉटपर्यंतचा. ६०० वॉट १२ व्होल्टला म्हणजे ५० अँपिअर, ते सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीच्या वाट्याला ८ च्या वर, आणि पिना एवढ्याशा. एखादी पिन नीट टेकली नाही तर तिचा भार बाकीच्यांवर जातो आणि प्लास्टिक वितळतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळल्याचे फोटो येऊ लागले आणि त्यात एक मोठं कारण असं निघालं की प्लग पूर्ण आत बसलेलाच नव्हता. नंतर आलेल्या १२व्ही टू-बाय-सिक्स या सुधारित सॉकेटमध्ये चार बारीक सेन्स पिना (किती वीज मागता येईल ते कार्डाला सांगणाऱ्या) आखूड केल्यात, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डाला पूर्ण वीज मागताच येत नाही.

छोट्या कॅबिनेटमध्ये याचा संबंध असा की साइड पॅनल नेमकं त्या प्लगवर येऊन टेकतं. केबल प्लगच्या अगदी मुळाशी वाकली की आतल्या पिना तिरप्या होतात. प्लगपासून निदान ३५ मिमी केबल सरळ राहू द्या, मग वळवा, असं केबल बनवणारेच सांगतात. कॅबिनेट निवडताना कार्डाच्या रुंदीत ही ३५ मिमी धरायची, नुसतं कार्ड मावतंय यावर जायचं नाही. आणि एसएमपीएस असा घ्या की त्याच्याकडून थेट १६ पिनची केबल येते. कार्डाच्या खोक्यात जो तीन-चार शेपट्यांचा अडॅप्टर येतो तो मोठ्या कॅबिनेटसाठी ठीक आहे, इथे तो ठेवायचा म्हणजे दप्तरात उशी कोंबणं.

बसवतानाचा क्रम थोडा उलटा ठेवा. मोठ्या कॅबिनेटमध्ये आपण आधी डबा बसवतो आणि मग निवांत केबल लावतो. इथे डबा बसल्यावर त्याच्या सॉकेटपर्यंत बोटं पोचतच नाहीत, म्हणून केबल आधी टेबलावरच एसएमपीएसला लावायच्या, प्रत्येकीची टिक ऐकायची, हलकेच ओढून बघायची, मग अख्खा ऑक्टोपस आत न्यायचा. प्रोसेसरची ८ पिन केबल कूलर बसवायच्या आधी लावा, नंतर ती जागा दिसतसुद्धा नाही. पॉवर बटणाच्या बारीक पिनापण आधीच. २४ पिनची केबल वळवताना प्लग लावल्यावर वाकवू नका, आधी हातात घेऊन हवा तो बाक देऊन घ्या, चार-पाच वेळा चोळून मऊ करा, मग लावा, नाहीतर सगळा ताण मदरबोर्डच्या सॉकेटवर येतो. एसएमपीएसचे स्क्रू जाड आट्यांचे असतात, एसएसडीचे बारीक आट्यांचे, ते जबरदस्तीने फिरवले तर आटे मरतात आणि मग तो स्क्रू आयुष्यभर नुसता गोल फिरतो.

आत घालायच्या आधी एसएमपीएस टेबलावर तपासायचा असेल तर २४ पिनच्या कनेक्टरमधली १६ नंबरची पिन शेजारच्या ग्राउंडला जोडायची, जुन्या रंगीत केबलमध्ये ही हिरवी आणि काळी वायर असायची. कागदाची पिन वाकवून हे करतात, प्लग काढलेला असताना पिन खुपसायची आणि मगच स्विच चालू करायचा. गंमत अशी की पंखा थांबून राहणारा मॉडेल असेल तर सगळं ठणठणीत असूनही पंखा हलत नाही किंवा एकदा हलून थांबतो आणि माणूस नवाकोरा एसएमपीएस मेला समजून परत पाठवायला निघतो. पंख्याकडे बघू नका, कॅबिनेटचा एखादा पंखा जोडून तो फिरतो का बघा.

एसएमपीएस नकोच असेल तर बाहेरची वीट, म्हणजे लॅपटॉपला असतो तसा अडॅप्टर, आणि आत चिमुकला कन्व्हर्टर हापण रस्ता आहे, पिको पीएसयू म्हणतात तो २४ पिनच्या सॉकेटवरच बसतो. ग्राफिक कार्ड नसलेल्या १००-१५० वॉटच्या पीसीला झकास, पंखा नाही, आवाज नाही, उष्णतेचा मोठा भाग बाहेर टेबलाखाली. फक्त साधे पिको १२ व्होल्ट जसेच्या तसे पुढे पाठवतात, त्यामुळे त्याला १२ चीच वीट लागते, लॅपटॉपची १९ व्होल्टची पडलेली वीट लावून बघू असं म्हणू नका, त्यासाठी १९ चालतील असं लिहिलेला वेगळा कन्व्हर्टर मिळतो. मधला पर्याय म्हणजे एचडीप्लेक्ससारखे बिनपंख्याचे २५० वॉटचे गॅन एसएमपीएस, फक्त त्यांना कॅबिनेटच्या पत्र्याला घट्ट टेकवायचं आणि त्यांच्यावरून थोडी हवा फिरती ठेवायची.

एक राहिलं. बऱ्याच छोट्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस पुढच्या बाजूला असतो आणि मागच्या पॉवर सॉकेटपासून आत एक छोटी एक्स्टेंशन केबल येऊन त्याला लागते. तिचा प्लग काटकोनी असतो आणि तो कुठल्या दिशेला वळलाय हे बघावं लागतं, कारण एसएमपीएस उलटा बसवला की तो प्लग नेमका कार्डाच्या किंवा पत्र्याच्या अंगावर येतो. आणि अशा कॅबिनेटमध्ये एसएमपीएसचा चालू-बंद स्विचसुद्धा आतच राहतो.

त्या रात्री साडेअकराला पॅनल बसलं, स्क्रू लावले, टेबल पुसलं, की-बोर्ड जोडला आणि बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं, लाइटपण नाही. दहा मिनिटं मी भिंतीतलं सॉकेट, वायर, मॉनिटर सगळं तपासलं, मग मुकाट्याने पॅनल परत काढलं, आणि त्या केबलींच्या मागे कोपऱ्यात तो काळा स्विच गोल शून्याच्या बाजूला दाबलेला होता. पॅनल दुसऱ्यांदा बसायला अजून चाळीस मिनिटं लागली.